सासूपुढे न आलेला दोर

आत्या,

मायना घालत बसत नाही. तुला मायन्याची कधी पर्वा नव्हती आणि मला कधी सवड नव्हती. तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल काय काय बोलतात ते ऐकून माझं डोकं उठतं. म्हणे, फार शांत बाई होती. शांत? तू? म्हणे, तिच्या हातचा दोर कधी तुटला नाही. हे तर धादांत खोटं. तुझ्या हातचे दोर आठवड्याला तुटायचे, तूच तोडायचीस, म्हणून तर बाहेर गेलेले तुटले नाहीत. एकच दोर तू न तोडता बाहेर जाऊ दिलास. त्या गुरुवारची गोष्ट आता मीच लिहून ठेवते. 'तू अशी, तू तशी' करत सांगितली तर तू मध्येच तोंड घालशील, म्हणून तिऱ्हाइताची सांगावी तशी सांगते. त्यात मीही आहे. मला 'मास्तरीण' म्हणेन. तू तेच म्हणायचीस, आणि कौतुकाने नव्हे.

गल्लीच्या टोकाला एक पडवी होती, चाळीस पावलं लांब आणि जेमतेम चार पावलं रुंद. राहण्यासाठी बांधली असती तर बांधणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं, पण ती दोर वळण्यासाठी होती. एका टोकाला तीन आकड्यांचं चाक, दुसऱ्या टोकाला खाट, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. मधल्या मोकळ्या पावलांमध्ये दोरआत्याचा उभा जन्म गेला. भावाची मुलं तिला आत्या म्हणायची म्हणून सगळी गल्ली आत्या म्हणू लागली, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असलेला पोस्टमनसुद्धा.

काम असं : घायपाताचा विंचरलेला वाख कमरेला गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं, आणि बोटांतून तंतू सोडत सोडत मागे चालत जायचं. चाक पीळ भरतं, बोटं जाडी राखतात. असे तीन पेड झाले की ते एकमेकांवर उलट्या पिळाने बसवायचे. चाकाला भावाने जुन्या पंख्याची मोटर लावून दिली होती. "आयुष्यभर मागे मागे चालले," आत्या म्हणायची, "पण कुणाच्या दारात जावं लागलं नाही."

पडवीच्या मध्यावर सासू होती. सासू म्हणजे सागवानी दांडा, पुरुषभर उंचीवर भिंतीत एका टोकाला खिळवलेला. खिळ्याजवळ दोराचा तुकडा बांधायचा, त्याचं दुसरं टोक वरच्या तुळईतल्या कड्याला, आणि दांड्याच्या पार पलीकडच्या टोकाला वाळूची पोती टांगायची. तिकडे दहा किलोचं पोतं टांगलं की इकडे दोराला पन्नास किलोचा ताण बसतो. आत्याच्या बापाने हे बनवलं आणि नावही त्यानेच ठेवलं. "कितीही दिलं तरी समाधान नाही, आणि घरात आलेल्या प्रत्येकीची परीक्षा घेणार." बाप चौथीपर्यंत शिकलेला. कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, शेजारच्या माडीवर राहणारी मास्तरीण पहिल्यांदा सासू बघायला आली तेव्हा म्हणाली होती, "तरफ म्हणजे काय हे मी पोरांना दोन महिने शिकवायचे, तरी त्यांना कळायचं नाही. तुझ्या बापाला कुणी शिकवलं?"

"पोटाने," आत्या म्हणाली.

बापाचे नियम दोन. प्रत्येक दोर चार हात जास्त वळायचा, तो जादा तुकडा कापून सासूपुढे उभा करायचा आणि तुटेपर्यंत ताणायचा. मूळ दोर सासूला कधीच लावायचा नाही, कारण एकदा तिने ताणलेला दोर आतून मोडतो आणि बाहेरून हसत राहतो. आणि दुसरा : माणूस लटकणार असेल तर दहा पोती. नऊ नाही. तुकड्याने दहा पोती पेलली तरच दोर दाराबाहेर.

माणूस म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. उंच इमारती बाहेरून रंगवायचा. दोराच्या टोकाला फळी बांधायची, फळीवर बसायचं, गच्चीवर जोडीदार दोर सोडत जातो आणि हा भिंतीवरून खाली खाली येत रंगवतो. नायलॉनचा दोर हातात सरकतो म्हणून त्याला आवडत नसे. "ताईचा दोर हाताला धरतो," तो सांगायचा. दर वर्षी नवा दोर, टोकाला आत्याने गुंफलेलं कडं. कडं गुंफणं म्हणजे दोराचे तीन पेड टोकाशी उलगडायचे, वेढा घेऊन ते दोराच्याच अंगात एकाखाली एक, एकाखाली एक असे घुसवायचे. गाठ कुठेच नाही. त्याला ताकद लागते अंगठ्याची. घट्ट पिळातली फट अंगठ्यानेच उघडावी लागते.

आणि अंगठा, आत्याचा उजवा अंगठा, चार महिन्यांपूर्वी मेला होता.

दुखत नव्हता. दुखला असता तर तिने बोंब ठोकली असती. तो नुसता गप्प झाला. आधी नखाखाली मुंग्या, मग काहीच नाही. चहाच्या कपाचा चटका लागत नव्हता. वाख सोडायला बाकीची चार बोटं पुरत होती, पीळ पहिल्यासारखाच बसत होता, निदान तसं वाटत होतं. पण वाटण्यावर ती कधी जगली नव्हती. भावाचा नवा दोर मंगळवारी वळून झाला. बुधवारी तुकडा सासूपुढे जायला हवा होता. बुधवारी आत्याने पडवी झाडली, पिंप घासलं, पोत्यांची फाटकी तोंडं शिवली, आणि तुकडा खुंटीवरच राहिला. ज्याला उत्तराची भीती असते तो प्रश्न विचारायचा टाळतो, एवढंच.

गुरुवारी सकाळी सातला भाऊ आला.

"ताई, दोर."

"तुकडा बघायचा राहिलाय अजून. संध्याकाळी ने."

"संध्याकाळी काय, मी भिंतीची आरती ओवाळू? ठेकेदार तिथे उभाय. तुझ्या हातावर काय शंका आहे का मला?"

'मला आहे' एवढे दोन शब्द तिच्या ओठावर आले होते. त्याऐवजी ती म्हणाली, "कडं नाही गुंफलंय या खेपेला. वेळ नाही झाला. तूच गाठ मार."

"गाठ तर गाठ," म्हणत त्याने दोर खांद्यावर टाकला आणि गेला. जाताना शीळ वाजवत होता. आत्याला शीळ आवडत नसे. त्या दिवशी ती गल्लीच्या वळणापर्यंत ऐकत उभी राहिली.

मग मात्र तिला राहवेना. तिने खुंटीवरचा तुकडा काढला. एरवी त्याच्याही दोन्ही टोकांना ती कडी गुंफायची. आज दोन्हीकडे गाठी मारल्या. गाठ ती गाठ, फरक काय पडतो, असं स्वतःलाच मोठ्याने म्हणाली, म्हणजे तिचा त्यावर विश्वास नव्हता. पहिलं पोतं. दुसरं. तिसरं. दोर कुरकुरला, तो कुरकुरतोच. चौथं. पाचवं. सहावं पोतं टांगून ती हात काढून घेते तोच फाट् आवाज झाला, दांडा खाली आपटला आणि वाळू खाटेपर्यंत उडाली.

माडीवर मास्तरणीचा चहा हिंदकळला. ती अठरा पायऱ्या उतरून आली. "काय गं, सासूला काय झालं?"

"सासू ठणठणीत आहे. सून गेली." आत्या खाली बसली होती. "सहा पोती."

"हा कुणाचा तुकडा?"

"भावाचा."

"मग दोर कुठाय?"

आत्याने नुसता हात केला. दाराकडे, रस्त्याकडे, गावाच्या पलीकडच्या टोकाकडे.

मास्तरणीला घाबरण्याआधी विचार करायची खोड. तिने तुकडा उचलून चष्म्याजवळ नेला. "इकडे बघ. तुटलाय कुठे? गाठीच्या तोंडाशी. मधला भाग कोरा करकरीत आहे. गाठीत दोर एकदम वाकतो, बाहेरचे तंतू ताणले जातात, आतले चेपतात. निम्मं बळ गाठच खाते. तुझा दोर उत्तम आहे गं, गाठीने मारला त्याला."

"तो कशावर बसलाय?" आत्याने विचारलं.

"कोण?"

"माझा भाऊ. आत्ता. कशावर बसलाय?"

"फळीवर."

"आणि फळी कशाने बांधलीय?"

मास्तरणीने तुकड्याची गाठ बोटांनी दाबून पाहिली. मग म्हणाली, "तरी पाच पोती, म्हणजे अडीचशे किलो पेलले ना. तो साठ किलोचा. चौपट आहे."

"त्याचे साठ, फळीचे पाच, रंगाच्या दोन बादल्या. वारा. पाय घसरून बसला हिसका तर? बापाने दहा सांगितली ती काय हौस म्हणून? तुझा तो हिशोब तू त्याच्या बायकोला समजावणार आहेस का?" आत्या उठली होती, चपला शोधत होती, आणि त्या तिच्या पायातच होत्या.

भावाचा फोन वाजत राहिला. भावजयीला लावला. ती म्हणाली, "वन्सं, ते वर गेले की फोन डब्याच्या पिशवीत टाकतात. काय झालं? वन्सं?"

"काही नाही," आत्या म्हणाली आणि फोन मास्तरणीच्या हातात कोंबला.

दोघींनी रिक्षा केली. रिक्षावाला गाण्याच्या ठेक्यावर हँडल बडवत होता. एका सिग्नलला आत्या म्हणाली, "बाबा रे, तुला बहीण आहे का?" त्याने आरशात तिचा चेहरा पाहिला आणि गाणं बंद केलं.

सात मजली कचेरी होती. दोर लांबूनच दिसला, पिवळट, भिंतीवर ओढलेल्या रेघेसारखा, आणि रेघेच्या टोकाला पाचव्या मजल्याशी भाऊ. पाय भिंतीला लावून तो फळीवर झोके घेत रंगवत होता. मास्तरणीने हाक मारायला हात तोंडाशी नेला, तो आत्याने खसकन खाली ओढला.

"दोरावरच्या माणसाला हाक मारायची नसते. हाकेला माणूस वळतो. माणूस वळला की गाठ वळते."

दारावर रखवालदार होता. "रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कुणाला भेटायचं—"

"ही लिहील," आत्या म्हणाली आणि सरळ जिन्याकडे सुटली. मागे मास्तरीण त्याला ठणकावत होती, "लिहिते ना! अक्षर बघा माझं, जन्मात असं पाहिलं नसेल. पेन द्या आधी चालणारं."

सात मजले. तिसऱ्यावर आत्याच्या छातीत कळ आली. "आता नको, नंतर ये," ती कळेला म्हणाली. पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर तिला भावाचा पाय दिसला, चपलेशिवाय, टाचेला निळा रंग. काचेपलीकडे, दोन हातांवर. ती तिथे क्षणभरही थांबली नाही. थांबली असती तर काच वाजवली असती.

गच्चीवर जोडीदार पाण्याच्या टाकीखालच्या खांबापाशी बसला होता. दोराचे चार वेढे खांबाभोवती, मोकळं टोक त्याच्या हातात. इथे गाठ नव्हती, नुसतं घर्षण. इथलं सगळं भक्कम होतं. जे कच्चं होतं ते कठड्याखाली लोंबत होतं.

"आत्या? तुम्ही?"

"त्याला खाली उतरव."

"भिंत अर्धी राहिलीय. तीन हिसके देतो, म्हणजे त्याला कळेल काहीतरी—"

"हिसका नको!" ती इतक्या हळू ओरडली की तो जास्तच घाबरला. "एकही हिसका नको. दोर सोड. बोटबोट सोड. लोणी कापल्यासारखा."

त्याने काही विचारलं नाही. शहाण्या माणसाचं लक्षणच ते. दोर खांबाभोवती सरकू लागला. खालून शीळ थांबली. मग दोराला एक हिसका बसला. एक हिसका म्हणजे थांब. भावाला कळेना की न सांगता आपण खाली का चाललोय. आत्याने डोळे मिटले. जोडीदार थांबला नाही. पुन्हा हिसका, रागाचा. प्रत्येक हिसका त्या गाठीत जात होता, वाकलेल्या तंतूंमध्ये, आणि आत्या मनात पोती मोजत होती. हे दुसरं. हे तिसरं. तिने उजवा हात ताणलेल्या दोरावर ठेवला. अंगठ्याला काही कळलं नाही, पण चार बोटांना दोराची थरथर कळत होती. जिवंत थरथर. ती आहे तोवर तो आहे.

मग दोर सैल पडला.

दोर सैल पडण्याचे दोनच अर्थ असतात. एकतर खालचा माणूस जमिनीवर पोचला, नाहीतर दोराला आता खालचा माणूस नाही. आत्याला कठड्याशी जाता येईना. जोडीदारही उठला नाही. तोही दोराकडेच बघत होता. खालून काही येईना, ना आवाज, ना शीळ. किती वेळ? मास्तरीण नंतर म्हणाली, चार सेकंद. चार सेकंद म्हणे.

"उतरला गं! उतरला!" मास्तरणीचा वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ भावाचा, "कोण गाढव आहे वर? झोपलायस का रे? रंग सांडला माझा सगळा!"

त्या शिव्या आत्याने डोक्याला तेल लावून घ्यावं तशा ऐकून घेतल्या.

खाली आल्यावर भाऊ तिला बघून पांढरा पडला. "ताई? घरी कुणाला काही—"

"फळी सोड."

"अगं पण—"

"सोड म्हणते ना."

गाठीच्या तोंडाशी काहीच दिसत नव्हतं. एक तंतू तुटलेला नाही, एक पेड ढिला नाही. हेच वाईट होतं. आत्याने ती गाठ दातांनी सोडवली, दोर गुंडाळला आणि छातीशी धरला. मग भर रस्त्यात, रखवालदारादेखत म्हणाली, "अंगठा मेलाय माझा. चार महिने झाले. कडं गुंफता येत नाही. तुकडा सहा पोत्यांना तुटला."

भावाने तिच्या अंगठ्याकडे पाहिलं. "सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तू नायलॉन घेतला असतास."

"मग घेतला असता. त्यात काय एवढं?"

"मग मी काय केलं असतं?"

त्याने टाचेचा रंग फडक्याने पुसला, उगीच, पुष्कळ वेळ. नंतर म्हणाला, "ठेकेदाराला दोन दिवस सांगतो. पाठ धरलीय म्हणून." खोटं बोलण्यातही भाऊ बहिणीचाच.

दुपारी दोराच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा कापला. मास्तरणीने दोन्हीकडे गुळगुळीत गोल लाकडं लावली आणि गाठीऐवजी तुकडा त्यांच्याभोवती सहा-सहा वेढे गुंडाळला, गच्चीवरच्या खांबाला होता तसा. दहा पोती पेलली. अकराव्याला तुटला, बरोबर मध्यावर.

"बघ!" मास्तरीण आनंदाने जवळजवळ नाचली. "हात चांगलाय तुझा. पीळ चांगलाय."

"छान. आता त्याला सांग, फळीऐवजी ओंडक्याला गुंडाळून घे म्हणावं स्वतःला." पण आत्याचे खांदे सकाळपासून पहिल्यांदा खाली आले होते. ती मास्तरणीच्या हातांकडे बघत होती. "अंगठे चालतात का तुझे?"

"म्हणजे?"

"खडू धरून धरून ताकद राहिलीय का काही? बस इथे."

आत्याचा डावा हात पेड उलगडायचा, मास्तरणीचा अंगठा फट उघडायचा. "वरून नाही, खालून. खालून! कॉलेजात खालून-वर शिकवत नाहीत का?" पहिलं कडं चार पोत्यांना सुटलं. दुसरं पाचांना. "सासूने थुंकून टाकलं," आत्या म्हणाली. तिसऱ्या वेळी मास्तरणीचं नख उलटलं आणि ती इंग्रजीत काहीतरी बोलली. ती शिवीच असावी, म्हणून आत्याला फार बरं वाटलं. शुक्रवारी दुपारपर्यंत सातवं कडं दहा पोत्यांना टिकलं. मग आठवं, तसंच. तेव्हा कुठे दोघींनी मिळून भावाच्या दोराला कडं गुंफलं.

शनिवारी तो पुन्हा भिंतीवर चढला. आत्याने दिवसभर वाखाला हात लावला नाही. पडवीच्या दारात बसली, रस्त्याकडे तोंड करून. संध्याकाळी लांबून शीळ ऐकू आली. तेव्हा ती आत गेली आणि स्टोव्ह पेटवला.

एवढीच गोष्ट, आत्या. त्यानंतर अकरा वर्षं तू दोर वळलेस आणि मी कडी गुंफली, आणि प्रत्येक तुकडा सासूपुढे गेला. एक सोडून.

तो तुला ठाऊक आहे. तुझ्या डाव्या हाताशिवाय, मी एकटीने गुंफलेलं पहिलं कडं. तो दोर मी माझ्या गच्चीवर कपडे वाळत घालायला बांधला, आणि तू खालून विचारलंस, "कितीला तुटतंय ते बघितलंस का?" मी म्हटलं, चादरीच तर घालायच्यात. तू म्हणालीस, "तरी. कड्यासकट दोन हात कापून आण. टांगू." मी म्हटलं, उद्या आणते. तू पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणालीस. नंतर तर तू दवाखान्याच्या खाटेवरूनही विचारलंस, "आणलास का गं?" आणि मी तुलाही उद्याच सांगितलं.

भावाने सासू तशीच ठेवली आहे. पोतीही आहेत, दहा. दोर अजून माझ्या गच्चीवर आहे. सुरी स्वयंपाकघरात आहे. खाली यायला अठराच पायऱ्या आहेत. आज चादरी ओल्या आहेत.